‘दॅन’ दिसलं की आधी थांब

तुझ्या इंग्रजीच्या सराव पेपरात, वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात, ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज ग्रेटर दॅन पुणे’ या वाक्याला तू ‘नो एरर’ दिलंस. ही चूक का होते हे नीट समजून घे, कारण मीही वर्षभर तीच करत होतो. आपण मराठीत ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त’ असं बिनदिक्कत म्हणतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. परीक्षेतल्या इंग्रजीत मात्र लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच व्हायला हवी, शहराशी नाही. म्हणून ‘दॅन दॅट ऑफ पुणे’. नाम अनेकवचनी असेल, उदाहरणार्थ ‘रोड्स’, तर ‘दोज ऑफ’.

माझी सवय सांगतो. ‘दॅन’, ‘अ‍ॅज’, ‘लाइक’, ‘अनलाइक’ यांपैकी काहीही दिसलं की पेन्सिलीनं तुलनेच्या दोन्ही बाजू अधोरेखित करायच्या. ‘अनलाइक मुंबई, द क्लायमेट ऑफ पुणे इज ड्राय’ यात एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला हवामान. सापडली चूक!

क्रियापदांचं रूपही जुळव: ‘वॉकिंग इज चीपर दॅन टू ड्राइव्ह’ नको, ‘दॅन ड्रायव्हिंग’ हवं.

‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य मला फार आवडतं. कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातच आहे, मग ते शिखर स्वतःपेक्षा उंच कसं असेल? इथे ‘एनी अदर पीक’ हवं. हा ‘अदर’ घाईत हमखास निसटतो.

आज रात्री जुन्या पेपरांतली फक्त ‘दॅन’ची वाक्यं काढून बस.