सासऱ्यांचे आजोबा आणि डब्लिन

प्रश्न : माझे यजमान इंग्रज आहेत, आम्ही लेस्टरला राहतो. सासऱ्यांचे आजोबा मूळचे आयरिश होते असं सासरी सगळे म्हणतात. 'फ्रान्सला जायच्या आधी ते डब्लिनला होते' एवढाच त्याला आधार. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत ते लढले, असंही सांगतात. सासूबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून त्यांची दोन पदकं काढून दिली. त्यांची फौजेतली फाइल मागवली, तर 'सापडत नाही' असं उत्तर आलं. मुलीला वंशवृक्ष करून द्यायचाय. आयर्लंडमधल्या नोंदी कुठे शोधू?

उत्तर : इतक्यात आयर्लंडला जाऊ नका. तुमचं उत्तर त्या डब्यातच आहे.

पदकाच्या कडेचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक राजाच्या मुंडक्याचा फोटो पाठवतात. तो सगळ्यांच्या पदकावर सारखाच असतो! कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट असते. तुमच्या फोटोत २०१ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर आणि लेस्टरशायर रेजिमेंटचं लघुरूप स्पष्ट वाचता येतंय.

हा नंबर बोलका आहे. १९१७ च्या सुरुवातीला टेरिटोरियल (म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या) पलटणींतल्या सैनिकांना नवे सहा आकडी नंबर दिले गेले. लेस्टरशायरमध्ये २००००१ पासूनचे नंबर चौथ्या बटालियनचे आणि २४०००१ पासूनचे पाचव्या बटालियनचे. म्हणजे तुमचे आजेसासरे (खरं तर त्यांच्याही वरचे, पण मराठीत एवढी नाती मोजायला दम लागतो) चौथ्या बटालियनचे.

मात्र चौथी बटालियन एक नव्हती. १/४ (म्हणजे 'पहिली चौथी', पाव नव्हे) ही मूळची, आणि तिच्या मागे उभारलेली २/४ ('दुसरी चौथी'). यातली १/४ फ्रान्समध्ये होती आणि १३ ऑक्टोबर १९१५ ला लूसच्या लढाईत होहेनझोलर्न रिडाउट या जर्मन मोर्चावर चालून गेली. २/४ मात्र ५९व्या डिव्हिजनबरोबर एप्रिल १९१६ मध्ये आयर्लंडला रवाना झाली. डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला होता, तो मोडायला. ती फ्रान्सला पोचली थेट फेब्रुवारी १९१७ मध्ये. आता सासरची गोष्ट पुन्हा वाचा : 'फ्रान्सला जायच्या आधी डब्लिनला होते.' माणूस आयरिश नसावा, त्याची पलटण तिथे गेली असावी.

मग लूस? डब्यात दोनच पदकं आहेत : रुपेरी ते ब्रिटिश वॉर मेडल, पंखवाल्या बाईचं ते व्हिक्टरी मेडल. १९१५ संपायच्या आत युद्धभूमीवर पोचलेल्याला तिसरं, ताऱ्याच्या आकाराचं पदक मिळे. ते हरवलंही असेल, म्हणून लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधलं मेडल कार्ड (कुणाला कोणती पदकं मिळाली त्याची नोंद) पाहा, ऑनलाइन मिळतं. कार्डावर ताऱ्याची नोंद नसेल, तर आजोबा लूसला नव्हते. पलटणीचा पराक्रम पुढे घरच्या माणसाच्या नावावर चढतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. कार्डावरून मेडल रोलचा, म्हणजे पदकं मिळालेल्यांच्या यादीचा, संदर्भ घ्या. बटालियन कोणती ते बहुधा रोलमध्ये असतं, आणि माझ्या २/४ च्या तर्कालाही खरा पुरावा तोच.

फाइल न सापडण्यात तुमची चूक नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या वॉलवर्थमधल्या गोदामावर बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या निम्म्याहून अधिक फायली जळाल्या. उरलेल्यांना आम्ही 'जळकी कागदपत्रं'च म्हणतो. पहिल्यांदा त्यांतलं एक पान पाहिलं ते मला आठवतंय. कडा काळ्या, आग विझवायच्या पाण्याने शाई पसरलेली, आणि वयाचा रकाना होता तिथे अर्धचंद्रासारखं भोक. बाकी सगळं वाचता येत होतं, मला हवं होतं तेवढंच नव्हतं.

बटालियन पक्की झाली की तिची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजनिशी, वाचा. आजोबांचं नाव मिळेल अशी आशा धरू नका. नावं अधिकाऱ्यांची, बाकीच्यांचा नुसता आकडा. पण त्या दिवशी कुठे चिखल होता, कुठे मुक्काम होता, हे कळतं. २१ मार्च १९१८ च्या जर्मन चढाईत ५९वी डिव्हिजन फ्रान्समधल्या बुलकूरपाशी होती, बरेच जण कैद झाले. म्हणून रेड क्रॉसची जिनेव्हातली युद्धकैद्यांची कार्डंही चाळा, ती ऑनलाइन फुकट आहेत.

आता वंशवृक्ष. सुरुवात अलीकडून करा, मागे मागे जा. २९ सप्टेंबर १९३९ च्या रजिस्टरात (त्या दिवशी सरकारने केलेल्या रहिवाशांच्या नोंदीत) नेमकी जन्मतारीख मिळते. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही, म्हणून या रजिस्टराला फार किंमत. तारखेवरून जन्मनोंद काढा, आणि आईचं माहेरचं आडनाव जुळवल्याशिवाय दाखला मागवू नका. हे अनुभवाने सांगते. एकदा एकाच तिमाहीत, एकाच गावात, एकाच नावाची दोन मुलं होती. मी चार महिने चुकीच्या मुलाचे आईबाप शोधत बसले आणि त्याच्या आजीपर्यंत पोचलेही.

तुमचा खरा प्रश्न मात्र १९११ ची जनगणना सोडवेल. तो फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला असतो आणि त्यात प्रत्येकाच्या जन्मस्थळाचा रकाना आहे. आजोबांसमोर आयर्लंड लिहिलं असेल, तर माझा तर्क चुकला, मला कळवा. इंग्लंडमधलं एखादं गाव असेल, तर त्यांच्या आईवडिलांचेही रकाने पाहा. आयरिशपणा एक पिढी मागे असू शकतो. सरकारी जन्मनोंदी १८३७ पासूनच्या, त्याच्या आधी जायचं झालं तर चर्चच्या नोंदवह्या उघडाव्या लागतील, ते पत्र वेगळं लिहा.

आणि पदकं ब्रासोने घासू नका. मुलीला चकचकीत दिसतील, पण कडेवरचा नंबर झिजेल.