आधी दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा

ताई, तुमचा मुलगा सात वर्षांचा, ऑटिझमचं निदान नुकतंच झालेलं, सासूबाई म्हणतात 'लाडानं शेफारलाय', वर्गशिक्षिकेची वहीत रोज तक्रार, आणि पालक-प्रशिक्षणाला पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारताय. माझा मुलगा आता पंधराचा आहे. घालावेत, पण कसलं प्रशिक्षण आहे ते बघून.

मी पहिल्यांदा दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते. मोठा हॉल, स्लाइड्स, शेवटी प्रमाणपत्र. घरी आले तर ताट बदललं म्हणून लेक जेवायला तयार नाही, आणि स्लाइड्समधलं एक अक्षर आठवेना. प्रमाणपत्र अजून फाइलमध्ये आहे.

उपयोग झाला तो पुढच्या वर्षी. थेरपिस्टनं सांगितलं, तुम्ही दोघं खेळताना नवऱ्याला दहा मिनिटं शूटिंग करू दे. मग आम्ही ते सोबत बसून पाहिलं. 'हा कुठला रंग? ही काय आहे? मोज बघू!' मी एकसारखी विचारत होते. त्यानं दोनदा गाडी उचलून माझ्यासमोर धरली, आणि माझं लक्ष पुढच्या प्रश्नात. खेळ कसला, तोंडी परीक्षाच चालली होती! त्या दिवसापासून गप्प बसायला शिकले. अवघड गेलं.

ही काही आमच्या थेरपिस्टची युक्ती नव्हे. ब्रिटनमधल्या अशाच पद्धतीत बदल करून गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं आणि रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांनी 2 ते 9 वयाच्या 65 मुलांवर अभ्यास केला, तो 2016 साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आईवडील मुलाच्या कलानं जास्त घ्यायला लागले, मुलं आपणहून जास्त बोलू-खुणावू लागली. सगळंच सुधारलं असंही नाही, एकाच गोष्टीवर दोघांचं लक्ष असण्याचा वेळ उलट कमी भरला. चमत्काराची हमी देणाऱ्यांपासून म्हणूनच लांब राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणातही 9 गटसत्रांबरोबर 3 गृहभेटी आहेत. फी भरण्याआधी एवढंच विचारा, 'मला मुलाबरोबर प्रत्यक्ष बघून सांगणार का?'

सासूबाईंना समजावत बसू नका, एक काम द्या. आमच्याकडे कुकरच्या शिट्टीला मुलगा कान दाबून किंचाळायचा. आईंना म्हटलं, शिट्टी व्हायच्या आधी तेवढं सांगत जा. 'आता शिट्टी होणार हं, बाळा' हे त्या रोज म्हणू लागल्या, आणि किंचाळणं महिन्याभरात बरंच उतरलं. मग शेजारणींना तेच त्या स्वतःच्या शोधासारखं सांगायच्या. सांगू देत.

शाळेचं. चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना लेख पाठवू नका, कोणी वाचत नाही. तक्रारीच्या वहीतच एक रकाना आखून द्या: 'त्याआधी काय झालं?' आमच्या बाईंनी पंधरा दिवस भरला, तर बहुतेक गोंधळ मधल्या सुट्टीची घंटा किंवा अचानक बदललेला तास यांच्या आसपासचा निघाला. घंटेआधी दोन मिनिटं त्याला वह्या गोळा करायचं काम मिळालं, तक्रारी आटल्या. 'हट्टी' हा शब्द बाईंनी आपणच सोडला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेनं प्रवेश नाकारू नये, आवश्यक त्या सोयी द्याव्यात, असं त्यात आहे. हे पिशवीत ठेवा, पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. युडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, मात्र आत्ताच बघा, परीक्षेतल्या सवलतींसाठी नववी-दहावीत धावपळ करणारे पालक मी पाहिलेत.

मूल मोठं झालं की त्याच्याविषयी त्याच्यादेखत बोलणं थांबवायचं असतं, हे मला उशिरा कळलं. मित्रांसमोर मी सरांना त्याच्या 'अडचणी' सांगितल्या, तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आता नव्या शिक्षकांसाठीचं पान तो स्वतः लिहितो. यंदाचं पहिलं वाक्य: 'मी बघत नसलो तरी ऐकत असतो.'

आणि तो व्हिडिओ काढलात तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. थेरपिस्टला दाखवायचा, काम झालं की पुसून टाकायचा.