एसबीआयसी परवाना: फी तीनशे डॉलरनं कमी भरली आणि महिना गेला

तुमची पोस्ट वाचली आणि 2022 चा ऑक्टोबर आठवला. पहिल्या फंडाचा एसबीआयसी परवान्यासाठीचा अर्ज (छोट्या उद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांना अमेरिकी सरकारचा लघुउद्योग विभाग, एसबीए, देतो तो परवाना) सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल, मग फी गेल्या वर्षीचीच धरू की महागाई बघून अंदाजाने वाढवू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. मी अंदाज करून तोंडावर आपटलोय.

तेव्हा मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या फर्मचे हिशेब बघत होतो. अर्जाचा फॉर्म 2181, एसबीएची प्रक्रिया वगैरे तुम्हाला माहीतच असेल, त्यात शिरत नाही. 2017 च्या डिसेंबरमधल्या नियमाने प्राथमिक अर्जाची फी 10,000 डॉलर केली आणि 2021 पासून दर 1 ऑक्टोबरला ती महागाईप्रमाणे वाढेल असंही ठरलं. पहिल्या वाढीत ती 10,500 झाली. आमचा अर्ज खरं तर ऑगस्टमध्येच जायचा, पण एक भागीदार गणपतीला साताऱ्याला गेले ते पितृपक्ष उरकूनच परतले. सह्या होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

नवी फी काढायला मी शहाणपणा करून न्यूयॉर्क-न्यूअर्क भागाचा महागाई निर्देशांक घेतला. ऑफिस तिथं, म्हणजे आकडाही तिथलाच! हिशेब आला 11,200. नियमाला मात्र तुमचं ऑफिस कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला लागतो सीपीआय-यू, म्हणजे शहरी ग्राहकांचा महागाई निर्देशांक: देशभरातल्या शहरांची सरासरी, सगळ्या वस्तू-सेवा धरून, आणि हंगामी चढउतार न काढलेला. यंदाच्या जूनच्या आकड्याला गेल्या जूनच्या आकड्याने भागायचं. भागाकार 1 पेक्षा जास्त आला तरच त्याने चालू फीला गुणायचं आणि जवळच्या शंभरावर आणायचं. भागाकार कमी आला तर फी तशीच राहते, उतरत नाही. जून 2021 चा आकडा 271.696, जून 2022 चा 296.311. भागाकार 1.0906. 10,500 ला गुणलं की 11,451, म्हणजे 11,500. तीनशे डॉलरनं कमी पडलो.

खरा घोळ पुढेच झाला. हा आकडा आम्ही एका सल्लागार कंपनीला दाखवला होता. "ठीक आहे" एवढंच उत्तर आलं आणि मागून एका तासाचं बिल. वर अर्जात संपर्कासाठी ईमेल फक्त त्यांचाच. फी कमी असल्याचा निरोप त्यांच्या इनबॉक्समध्ये 19 दिवस पडून होता. आम्ही इकडे गुंतवणूकदारांना "चालू आहे, चालू आहे" सांगतोय. मी फोन केला की "अजून काही आलेलं नाही". शेवटी मीच चिडून त्यांच्याकडून सगळे मेल मागवले, तेव्हा तो निरोप दिसला. तीनशे डॉलर त्याच दिवशी भरले. पण तोवर एक गुंतवणूकदार बाजूला झाला होता, आणि त्याची कबूल केलेली रक्कम तीनशेच्या कितीतरी पट होती. माझं ठाम मत आहे की सल्लागाराच्या मेलसोबत आपल्या माणसाचा मेल हवाच. कोणी वाईट म्हटलं तरी चालेल.

मी वकील नाही, हा आमचा अनुभव. शिवाय 2023 च्या ऑगस्टपासून रचनाच बदलली आहे. प्राथमिक फी आता फंड कितवा यावर ठरते, पहिल्याला 5,000 आणि चौथ्यापासून पुढे 20,000 असा तो तक्ता होता. अर्ज नव्याने पुन्हा करावा लागला तर 10,000 चा भुर्दंड वेगळा. म्हणून माझं वरचं गणित जुन्या फीचं उदाहरण समजा. तुमचा आकडा फेडरल रजिस्टरमधली (अमेरिकी सरकारच्या राजपत्रातली) ताजी सूचना बघून, अर्ज ज्या दिवशी पाठवणार त्या दिवशीचा धरा. गेल्या वर्षीचं एक्सेल कोणी "हेच वापरा" म्हणून पाठवलं तर न उघडता बाजूला ठेवा. परवाना मिळाल्यावर तपासणीची फीही वाढत जाते, ती बजेटमध्ये सुटते.

अजून एक, थोडं विषयाबाहेरचं. पे.गव्हवरून (सरकारी फी भरायची वेबसाइट) पैसे खात्यातून थेट वळते होणार असतील तर आधी बँकेला फोन करा. व्यावसायिक खात्यांवर असे डेबिट अडवण्याची सोय बऱ्याचदा चालूच असते, आणि परवानगीच्या यादीत त्या सरकारी विभागाचा ओळख क्रमांक नसला की पैसे परत जातात. आमचे ते तीनशेही पहिल्या खेपेला असेच परत गेले होते.