कवटी काढताय? मग काय सोडायचं ते आधी ठरवा

कॉलेजातल्या प्लास्टरच्या कवटीचं ड्रॉइंग तीन दिवस बसून केलं, दात, शिवणी (हाडांच्या जोडरेषा), भेगा सगळं काढलं, तरी ते चार्टमधल्या चित्रासारखं दिसतंय. काय चुकलं? (चिपळूण)

फोटो बघितला तुमचा. मेहनत दिसतेच, पण सगळीकडे सारखीच दिसते, आणि त्यामुळे नजरेला थांबायला जागाच नाही. लिओनार्डो दा विंचीने १४८९ मध्ये कवट्यांची ड्रॉइंग्ज केली, एका ठिकाणी तर अर्धी कवटी उभी कापून आतल्या पोकळ्या दाखवल्यात. तिथे बारीकसारीक सगळं हवंच, कारण त्याला हाडांची रचना समजून घ्यायची होती. तुम्हाला चित्र करायचंय ना, मग एकच जागा निवडा. मी तुमच्या जागी असतो तर जवळच्या डोळ्याची खोबण आणि तिच्याखालचं गालाचं हाड घेतलं असतं, कारण तिथे सगळ्यात काळं आणि सगळ्यात उजळ शेजारी शेजारी येतं.

आणि खोबण गोल नसते हो! एव्हिएटर गॉगलची काच आठवा, कोपरे गोलसर केलेला चौकोन, बाहेरच्या बाजूला खाली उतरलेला. आत सरसकट ६बीची मऊ, काळी पेन्सिल घासू नका, वरच्या कडेखाली गडद ठेवा आणि तळाशी थोडा परतलेला उजेड राहू द्या, नाहीतर कागदाला भोक पडल्यासारखं वाटतं.

दातांचं म्हणाल तर प्रत्येक दाताभोवती रेघ मारलीत की कुंपण झालं. पूर्ण रांग आधी पिंपासारखी वळती एका टोनमध्ये, म्हणजे एकाच छटेत घ्या, मग जवळचे दोन-तीन दात नीट करा, बाकीच्यांच्या फक्त मुळाशी असलेल्या छोट्या त्रिकोणी सावल्या द्या, बास. डोक्याच्या उजेडातल्या बाजूची बाह्यरेषा तर चक्क सोडून द्या, मागे हलका टोन दिला की कडा आपोआप दिसते. हे करायला धीर लागतो, मला माहितेय, हात सारखा रेघ पूर्ण करायला जातो.

कागदावर कवटी कुठे बसवायची? मधोमध काढली की पासपोर्ट फोटो वाटतो. (मालवण)

आधी काडेपेटीएवढ्या पाच-सहा चौकटी काढून त्यात नुसते काळे-पांढरे आकार मांडून बघा. कवटी थोडी वळवून ठेवा, तोंड ज्या बाजूला त्या बाजूला जागा जास्त सोडा, आणि टेबलावर पडलेली सावली हाही एक आकारच आहे, तो सुरुवातीलाच धरा. खालचा जबडा धरून उंची मोजलीत तर खोबणी साधारण निम्म्यावर येतात, पण नवशिके त्या हमखास वर सरकवतात.

उजेडाचं मात्र सांभाळा. आपल्या पडवीत तिन्ही बाजूंनी उजेड येतो, त्यात सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात. माजघरात बसा, एकच दार उघडं ठेवा.

पावसाळ्यात कागद मऊ पडतो, खोडलं की लव निघते. (रत्नागिरी)

दमट कागद आहे तो, रबर घासूच नका. नीडेड इरेजर (कणकेसारखा मळता येणारा मऊ रबर) नुसता टेकवून उचला. हाताखाली कोरा कागद धरा, आणि कागदाचा गठ्ठा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत ठेवा.

वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची कवटी पडलेली दिसली, ड्रॉइंगसाठी घरी आणू का? (दापोली)

नका आणू, प्लीज. समुद्री कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, त्यांचे अवशेषही घरी ठेवता येत नाहीत. तिथेच बसून काढा ना! दुपारी सावली मिळत नाही, पाचनंतर जा, समुद्राकडून आडवा उजेड येतो. कासवाला दात नसतातच, तेव्हा सगळा तपशील चोचीच्या धारेला आणि खोबणीला द्या, मागची बाजू वाळूत विरली तरी चालेल. काढून झालं की फोटो पाठवा, मला खरंच बघायचंय.