वाचकांचे प्रश्न : श्रीलंकेच्या मतदाराने नेमके काय निवडले?

प्रश्न : श्रीलंकेत २०२४ साली मार्क्सवादी पक्षाचे नेते अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, पण आधीच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी केलेला करार त्यांनी तसाच पुढे चालू ठेवला. मग लोकांनी मत विचारसरणीला दिले की व्यवहाराला? आणि देश सावरणारे रनिल विक्रमसिंघे का हरले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : विचारसरणीचा हट्ट केवळ डावेच धरतात असे आपण सहज मानतो, परंतु श्रीलंका ज्या निर्णयांनी खड्ड्यात गेली ते डाव्यांचे नव्हते. गोटाबाया राजपक्षे यांनी २०१९ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष म्हणून सत्तेवर येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली. ती बंदी काही महिन्यांत मागे घ्यावी लागली, तरी भातशेतीचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. त्यातच करोनामुळे पर्यटन बसले, परकीय गंगाजळी आटली आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्या सप्टेंबरात महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला.

राजपक्षे पायउतार झाल्यावर विक्रमसिंघे यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून कारभार हाती घेतला; त्यानंतर इंधनासाठीच्या रांगा संपल्या, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचे सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि निवडणुकीच्या सुमारास महागाईचा दर एका टक्क्याच्याही खाली आला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र दर उतरला म्हणजे भाव उतरले असे होत नाही; एकदा चढलेल्या भावातच लोकांना घर चालवावे लागत होते, आणि त्यावर जानेवारी २०२४ पासून मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना, म्हणजे परतफेडीच्या अटी बदलताना, बँकांना वगळून नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीवरील व्याजाला कात्री लावली गेली. आयुष्यभर पगारातून कापून साठवलेल्या पैशावर संकटाचा भार टाकायचा आणि ज्यांच्या निर्णयांमुळे संकट आले त्या राजपक्षे यांच्याच पक्षाच्या पाठिंब्यावर संसदेत टिकून राहायचे, हा व्यवहार हिशेबात बसत असेलही, पण तो न्याय्य नव्हता असे मला ठामपणे वाटते. पैसे नाहीत या सबबीखाली २०२३ च्या स्थानिक निवडणुकाही लांबवल्या गेल्या, तेव्हा तर लोकांकडे नाराजी व्यक्त करायला मतपेटीही उरली नाही. विक्रमसिंघे सुमारे १७ टक्के मतांवर थांबले ते यामुळे.

दिसानायके यांना २०१९ मध्ये जेमतेम तीन टक्के मते होती. पाच वर्षांत ती ४२ टक्क्यांवर गेली, ती लाखो लोक एकाएकी मार्क्सवादी झाले म्हणून नव्हे. त्यांच्या जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते १९८९ या काळात सशस्त्र उठाव केले, त्यांत हजारो माणसे मेली, आणि ही आठवण तिथल्या गावोगावी अजून आहे. तरीही मत मिळाले, कारण कर्जबाजारी करणाऱ्या कारभारात या पक्षाचा हात नव्हता आणि भ्रष्टाचाराच्या चौकशीचे त्याचे आश्वासन लोकांना खरे वाटले. शिवाय प्रचारात त्यांनी नाणेनिधीचा करार मोडण्याची भाषा केलीच नव्हती. अटींवर पुन्हा बोलणी करू, एवढेच ते म्हणत होते. त्यामुळे करार चालू ठेवणे हा विश्वासघात ठरत नाही.

मला खटकते ते वेगळे आहे. श्रीलंकेचे रोखे घेऊन तिला कर्ज देणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांबरोबरचा कर्जफेररचनेचा तत्त्वतः समझोता मतदानाच्या दोनच दिवस आधी जाहीर झाला होता, आणि नव्या सरकारने तो पुन्हा न उघडता स्वीकारला. एप्रिल २०२५ पासून मासिक करमुक्त उत्पन्नाची मर्यादा एक लाखावरून दीड लाख श्रीलंकन रुपयांवर नेली, हा दिलासा खरा आहे. पण ज्याचे उत्पन्न मुळातच त्याहून कमी आहे, त्या चहामळ्यातल्या मजुराला त्याचा काही उपयोग नाही, आणि १८ टक्के कर मात्र तोही भरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेच्या २२५ पैकी १५९ जागा दिसानायके यांच्या आघाडीला मिळाल्याने हा भार वरच्या थराकडे सरकवायला आता संख्याबळाची अडचण नाही. भारतासह अन्य देशांकडून घेतलेल्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड २०२८ पासून सुरू व्हायची आहे आणि राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. तेव्हा ते हप्ते कोणाच्या खिशातून गेले, हे मतदार पाहणारच.