सही कोण करणार? सरकारी वकील, दबाव आणि राजीनामे: वाचकांचे प्रश्न

न्यूयॉर्कच्या माजी महापौरांचा खटला आणि त्यावरून झालेले राजीनामे यांबद्दल बरेच प्रश्न आले. काही वाचकांनी आपल्याकडच्या कोर्टांबद्दल विचारलं. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: एरिक ॲडम्स यांच्या खटल्यात सरकारी वकिलांनी एकामागून एक राजीनामे दिले. त्यांच्याकडे नेमकं मागितलं काय होतं? (वाचक, न्यू जर्सी)

एक सही. सप्टेंबर 2024मध्ये महापौर ॲडम्स यांच्यावर लाच, कटकारस्थान आणि परदेशी देणग्या अशा पाच आरोपांचं आरोपपत्र दाखल झालं. त्यांनी ते सगळे नाकारले. खटला 21 एप्रिल 2025ला उभा राहायचा होता. 10 फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या न्याय खात्यातून प्रभारी डेप्युटी ॲटर्नी जनरल एमिल बोव्ही यांचं पत्र आलं: खटला काढून घ्या. पुरावा कच्चा आहे असं पत्रात कुठेच नव्हतं. उलट पुराव्याचा विचार केलेलाच नाही, असं त्यात लिहून ठेवलं होतं. कारणं दोन दिली होती. निवडणूक जवळ आली आहे, आणि खटल्यामुळे महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत पुरेसं लक्ष घालता येत नाही. वर अट अशी की, पुन्हा दाखल करण्याची मुभा राखून खटला काढायचा.

न्यूयॉर्कच्या प्रभारी फेडरल सरकारी वकील डॅनियल सॅसून यांनी 12 तारखेला ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांना आठ पानी पत्र पाठवलं. 31 जानेवारीच्या बैठकीत ॲडम्स यांच्या वकिलांनी जवळजवळ देवाणघेवाणच सुचवली (खटला काढला तरच महापौर स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत मदत करू शकतील), असं त्यात होतं. आणखी एक बारीक गोष्ट होती: बैठकीत टिपणं घेणाऱ्या सहकाऱ्याला बोव्ही यांनी हटकलं आणि शेवटी ती टिपणं जमा करून घ्यायला लावली. असा कुठलाही सौदा झाल्याचं ॲडम्स यांच्या बाजूने नाकारलं गेलं. 13 तारखेला सॅसून बाहेर पडल्या. मग काम वॉशिंग्टनच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे गेलं, तर तिथल्या वरिष्ठांनीही राजीनामे दिले. खटला चालवणारे हेगन स्कॉटन यांनी लिहिलं की, हा अर्ज दाखल करणारा एखादा मूर्ख किंवा भित्रा तुम्हाला मिळेलही, पण तो मी नसेन. 14 तारखेच्या संध्याकाळी अर्ज दाखल झाला. त्यावर विभागातल्या एका जुन्या वकिलाची सही होती आणि खुद्द बोव्हींचीही. सॅसून यांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे उजव्या विचारांचे न्यायमूर्ती स्कालिया यांच्या हाताखाली काम केलेलं, स्कॉटन यांनी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडे. दोघेही उजव्या विचारांच्या वर्तुळातले, त्यामुळे ‘विरोधकांची माणसं’ हे ठरलेलं उत्तर इथे फारसं चाललं नाही.

प्रश्न: मग राजीनाम्यांनी साधलं काय? खटला बंदच झाला ना? (वाचक, पुणे)

झाला, पण सरकारला हवा होता तसा नाही. तिथल्या फौजदारी नियम 48(अ)प्रमाणे खटला काढायला न्यायालयाची परवानगी लागते. दोन्ही बाजू एका सुरात ‘काढा’ म्हणत होत्या; विरोधात बोलायला कोर्टात कुणी उरलंच नव्हतं. म्हणून न्यायाधीश डेल हो यांनी पॉल क्लेमंट या नामवंत वकिलांना न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला सल्ला देणारे तटस्थ वकील, म्हणून नेमलं. त्यांनी सल्ला दिला की, काढायचाच असेल तर कायमचा काढा. 2 एप्रिल 2025च्या निकालात न्यायाधीशांनी तेच केलं, आणि धोरणात्मक सवलतींच्या बदल्यात खटला सोडल्याचा, म्हणजे सौद्याचा, वास इथे येतो असं स्पष्ट नोंदवलं. सरकारला खटला चालवायला लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. पण ‘वागणूक बघू, नाहीतर पुन्हा दाखल करू’ ही दोरी त्यांनी कापली.

राजीनाम्यांची पत्रं नसती तर न्यायाधीशांच्या पुढ्यात फक्त दोन्ही बाजूंना मान्य असलेला एक अर्ज आला असता. राजीनाम्याने खटला क्वचितच वाचतो. त्याने कागद तयार होतो, आणि त्या कागदाकडे बघणारं कुणी असेल तरच त्याचा उपयोग.

प्रश्न: एक गेला की सरकार मर्जीतला दुसरा आणतं. (वाचक, ठाणे)

आणतं, आणि घाईत आणलं की फसतं. व्हर्जिनियातले फेडरल सरकारी वकील एरिक सीबर्ट सप्टेंबर 2025मध्ये गेले. राष्ट्राध्यक्षांच्या विरोधकांवर खटले भरायला पुरेसा आधार त्यांना दिसत नव्हता. त्यांच्या जागी लिंडसे हॅलिगन आल्या. सरकारी वकिलीचा अनुभव शून्य. एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर आरोप ठेवण्याची कायदेशीर मुदत महिनाअखेर संपत होती, म्हणून 25 सप्टेंबरला त्या एकट्याच ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोपपत्राला मंजुरी देणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, गेल्या. 24 नोव्हेंबरला न्यायालयाने त्यांची नेमणूकच बेकायदा ठरवली. दुसऱ्या कुठल्या वैध सरकारी वकिलाचा त्यात हात नसल्याने कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स या दोघांवरची आरोपपत्रं रद्द झाली. कार्यालयातला एखादा जुना वकील सोबत उभा राहिला असता तर कोमी आणि जेम्स यांना हा बचाव इतका सहज मिळाला नसता.

प्रश्न: आपल्याकडे असे राजीनामे का दिसत नाहीत? दबाव नसतो का? (वाचक, नाशिक)

दबाव असतो, पण त्याला राजीनाम्यापर्यंत जावंच लागत नाही. (‘राजीनामा खिशात’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे मंत्र्यांसाठी राखीव आहे, आणि तो खिशातून बाहेर येत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे.)

आधी माणसं ओळखा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे एपीपी: लोकसेवा आयोगातून आलेला कायम नोकर, अभियोग संचालनालयाच्या हाताखाली. पूर्वी हे लोक पोलीस खात्यालाच जोडलेले होते. 1995च्या शहाणे विरुद्ध महाराष्ट्र या निकालाने त्यांचा वेगळा संवर्ग करायला लावला. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील असतो, ठरावीक मुदतीसाठी नेमलेला. आणि गाजलेल्या खटल्यांत विशेष सरकारी वकील, किमान दहा वर्षं वकिली केलेला. पहिल्याची बदली होते. दुसऱ्याची मुदत वाढत नाही. तिसऱ्याची नेमणूक मागे घेतली जाते. राजीनामा मागायची वेळ येते कुठे? उत्तर प्रदेशात फेब्रुवारी 1990मध्ये एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका झटक्यात घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात ते मनमानी म्हणून रद्द केलं.

दबाव दिसतो तो बारीक कामांत. जामीन अर्जावर न्यायालय सरकारी पक्षाचं म्हणणं मागवतं; कोर्टात सगळे त्याला ‘से’ म्हणतात. ‘हरकत नाही’ असं कुणी लिहीत नाही, ते अंगाशी येतं. लिहितात ‘योग्य तो आदेश व्हावा’. चार शब्दांत विरोध गळून पडतो आणि कागद स्वच्छ राहतो. मग साक्षीदार उलटला तरी त्याला फितूर घोषित करून उलटतपास घ्यायचा नाही. पंच आलेला असताना पुढची तारीख मागायची. निर्दोष सुटका झाली की अपिलाची फाइल 90 दिवस टेबलांवरून फिरत ठेवायची. यातलं एकही कृत्य वर्तमानपत्रात येत नाही.

उघड बोलण्याचं उदाहरण आहे ते रोहिणी सालियन यांचं. 2008च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात त्या विशेष सरकारी वकील होत्या. आरोपींबाबत सौम्य राहा असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्याकडून आल्याचं त्यांनी जून 2015मध्ये जाहीर केलं. एनआयएने ते फेटाळलं. सालियन यांनी राजीनामा दिला नव्हता. त्यांच्याकडचं काम गेलं.

प्रश्न: मी फिर्यादी आहे. आरोपी एका पक्षाचे पदाधिकारी आहेत आणि शासनाने खटला मागे घ्यायचं ठरवलंय असं ऐकलं. माझ्या हातात काही आहे का? (वाचक, सातारा)

आहे, आणि 1 जुलै 2024पासून थोडं जास्त आहे.

शासन खटला मागे घेऊ शकत नाही. ते फक्त सुचवू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 321) अर्ज करायचा तो खटल्याची जबाबदारी असलेल्या सरकारी वकिलाने, स्वतः कागद वाचून, आणि परवानगी द्यायची न्यायालयाने. हितेंद्र ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र (1994) या ‘टाडा’च्या, म्हणजे जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालंच आहे की, सरकारी वकील म्हणजे कागद पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नव्हे.

आधी अर्जाची नक्कल काढा. सही त्या खटल्यातल्याच वकिलाची आहे का ते बघा. मग कारणं वाचा. ‘शासन निर्णयानुसार’ एवढंच असेल, किंवा शासन निर्णयातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली असतील, तर वकिलाने स्वतःचं डोकं चालवलेलं नाही, हा तुमचा पहिला मुद्दा. महाराष्ट्रात राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. त्यांत जीवितहानी नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावं अशा अटी असतात. त्या तुमच्या दोषारोपपत्राशी ताडून बघा. पंचनाम्यातला नुकसानीचा आकडा तिथेच सापडतो.

आरोपी आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल तर 10 ऑगस्ट 2021च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय खटला मागे घेता येत नाही. सीबीआयसारख्या केंद्रीय तपासाचा खटला असेल तर केंद्राची परवानगी अर्जासोबत हवी. आणि नवीन संहितेने भर घातली आहे ती ही: पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला परवानगी देता येत नाही. तुम्ही स्वतः पीडित असाल तर लेखी हरकत द्या आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तिची नोंद झाली का, ते त्याच दिवशी बघा. नोंद नसली तर पुढे ‘संधी दिली होती’ एवढंच उरतं.

खटला कुठल्या टप्प्यावर आहे हेही महत्त्वाचं. दोषारोप निश्चित होण्याआधी मागे घेतला तर आरोपी दोषमुक्त होतो, नंतर घेतला तर निर्दोष सुटतो. दुसऱ्या प्रकारात परत फिरणं फार कठीण. दंडाधिकाऱ्यांनी परवानगी दिली तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, 90 दिवसांत. केरळ विधानसभेत 2015च्या अर्थसंकल्पाच्या वेळी झालेल्या तोडफोडीचा खटला काढायचा अर्ज खालपासून वरपर्यंत फेटाळला गेला. नुकसान होतं 2,20,093 रुपयांचं. रक्कम लहान म्हणून प्रकरण लहान, हा युक्तिवाद तिथे चालला नाही.

प्रश्न: मी एपीपी आहे. एका प्रकरणात वरून तोंडी निरोप येतात. राजीनामा द्यावा का? (वाचक, विदर्भ)

लगेच नको. कायम नोकराचा राजीनामा मंजूर झाल्यावरच लागू होतो, आणि निवृत्तिवेतन नियम 1982च्या नियम 46प्रमाणे राजीनाम्याने मागची सेवा बुडते. आधी वर्तणूक नियम 1979मधला नियम 3 वापरा: वरिष्ठाचा आदेश लेखी मागता येतो, आणि तोंडी असेल तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यायचा असतो. ‘आज दूरध्वनीवर अमुक सूचना मिळाली, ती लेखी मिळावी’ असं दोन ओळींचं पत्र सहायक संचालकांना द्या. बहुतेक वेळा लेखी काही येत नाही आणि निरोपही थांबतात. थांबले नाहीत तर तेवढ्या एका प्रकरणातून मोकळं करण्याची विनंती करा, कारणासह. खटल्याचे कागद पत्रकाराच्या हाती देऊ नका, त्याने चौकशी तुमचीच लागेल. तुमच्या पत्राची आवक क्रमांक पडलेली प्रत मात्र घरी ठेवा.