शंभर ट्रिलियनची नोट आणि घरातला अबोला

‘नवरा शिकलेला आहे, हिशेबाला पक्का आहे, तरी कुणीतरी विकलेल्या परदेशी नोटांवर त्याचा विश्वास बसला आहे. काही सांगायला गेले की तो उठून जातो. मी काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो. कधी नवऱ्याच्या जागी वडील असतात, कधी थोरला भाऊ. नोटांच्या जागी कधी पैशांचा पाऊस पाडणारा महाराज असतो, तर कधी तांदूळ ओढून घेण्याची अद्भुत शक्ती असल्याचे सांगून विकलेले ‘राइस पुलर’चे भांडे. घरच्यांचा सूर मात्र बहुतेक वेळा एकच असतो: एवढी साधी गोष्ट याला कळत कशी नाही? माझ्या अनुभवात ती गोष्ट बऱ्याचदा कळलेली असते, आणि अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. पुढे सांगितलेल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अमेरिकेत, टेक्सासमध्ये, अनेक वर्षे स्थायिक असलेल्या एका मराठी बाई माझ्याशी ऑनलाइन बोलू लागल्या. यजमान अभियंता, वय साठीच्या आसपास. कंपनीने मनुष्यबळ कमी केले तेव्हा त्यांची नोकरी गेली आणि त्यानंतर मनासारखे काम मिळाले नाही. त्याच काळात ते फोनवरून चालणाऱ्या एका गटात सामील झाले. जगातल्या चलनांचे लवकरच एका रात्रीत पुनर्मूल्यांकन होणार आहे आणि ज्यांच्याकडे इराकी दिनार व झिम्बाब्वेच्या जुन्या नोटा असतील ते कोट्यधीश होणार आहेत, अशी त्या गटाची श्रद्धा होती. यजमानांनी आधी दिनार घेतले, मग झिम्बाब्वेच्या शंभर ट्रिलियन डॉलरच्या काही नोटा आणि शेवटी सोनेरी मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या ‘विशेष नोटा’. त्यांवर ‘सेंटिलियन’ असा आकडा छापलेला होता. नोटा बदलून देणाऱ्या गुप्त केंद्रात वेळ मिळावी म्हणून त्यांनी शुल्कही भरले होते. बाईंना हे कळले ते निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढल्याचे पत्र हाती पडल्यावर.

ही फसवणूक टिकते, कारण तिच्या बुडाशी थोडे सत्य असते. शंभर ट्रिलियनची नोट खरोखर निघाली होती. झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००९ मध्ये ती काढली. तिच्यावर एकावर चौदा शून्ये आहेत आणि एकावर एक तोललेल्या दगडांचे चित्र आहे. जुलै २००८ मध्येच तिथल्या महागाईचा सरकारी वार्षिक दर २३ कोटी टक्क्यांच्या वर गेला होता आणि सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. नोट निघाल्यानंतर काही महिन्यांतच लोकांनी आणि सरकारने ते चलन सोडून अमेरिकी डॉलर वापरायला सुरुवात केली. २०१५ मध्ये जून ते सप्टेंबर अशी मुदत देऊन या जुन्या नोटा परत घेण्यात आल्या, तेव्हा २५० ट्रिलियनला एक अमेरिकी डॉलर असा दर होता. म्हणजे शंभर ट्रिलियनच्या नोटेचे ४० सेंट झाले. आज तीच नोट संग्राहक बऱ्याच चढ्या भावाने घेतात, पण ती किंमत कुतूहलाची आहे, चलनाची नव्हे. चढ्या भावाचा हा पुरावा दाखवूनच विक्रेते पुढचा माल खपवतात.

सोनेरी नोटांची गोष्ट वेगळी, कारण त्या कोणत्याही बँकेने कधी काढलेल्याच नाहीत. झिम्बाब्वेत २००८ मध्ये ‘स्पेशल ॲग्रो चेक’ या नावाची कागदी चलने खरोखर निघाली होती, परंतु त्यांतले सर्वांत मोठे शंभर अब्जांचे होते. बनावट माल करणाऱ्यांनी नाव तेच उचलले आणि शून्ये मनाला येतील तितकी लावली. आजवर जगात चलनात आलेली सर्वांत मोठ्या आकड्याची नोट हंगेरीची, १९४६ सालची, आणि तिच्या आकड्यात एकावर वीस शून्ये होती. सेंटिलियनमध्ये ती तीनशे तीन होतात. अमेरिकेतसुद्धा सामान्य माणसाच्या हाती आलेली सर्वांत मोठी नोट दहा हजार डॉलरची होती, आणि ती देणेही १९६९ मध्ये थांबले. एक लाख डॉलरचे १९३४ च्या मालिकेतले सुवर्ण प्रमाणपत्र फक्त फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकांच्या, आपसांतल्या व्यवहारासाठी होते.

ही माहिती मी यजमानांना पहिल्या भेटीत दिली नाही, कारण ती त्यांना होतीच. बाईंनी आणि मुलाने सगळे छापून त्यांच्या टेबलावर ठेवले होते. २०१५ चा दर सर्वसामान्यांसाठी होता, खरा दर नोटा बदलण्याच्या गुप्त करारात आहे आणि त्या कराराबद्दल बोलायला मनाई आहे, असे त्यांचे तयार उत्तर होते. गुप्ततेची ही अट कोणी बसवली असेल ते सांगायला नको. घरच्यांशी बोलणे हाच करारभंग ठरला की बाहेरचा आवाज आत पोचण्याची वाटच बंद होते.

म्हणून आधी बाईंशीच काम केले. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नोटा खऱ्या की खोट्या हा वाद घरात पूर्ण थांबवायचा आणि पाहुण्यांसमोर त्यावरून टोमणा मारायचा नाही. दुसरी, पैशाची वाट मात्र आजच अडवायची: बचतीचा मोठा भाग दोघांच्या संमतीशिवाय हलणार नाही अशी व्यवस्था करायची, आणि हे यजमानांच्या पाठीमागे न करता त्यांना सांगून करायचे. ‘त्यांचे खरे ठरले तर हातातल्या नोटा आहेतच, आणखी घ्यायची गरज काय?’ हा युक्तिवाद मुलाने मांडला आणि तो त्यांनी कुरकुरत का होईना मान्य केला. श्रद्धेला हात न लावता व्यवहार थांबवता येतो, हे अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. ती आधी श्रद्धा मोडायला जातात आणि तेवढ्या काळात खाते रिकामे होते.

काही दिवसांनी यजमान स्वतःहून बोलायला तयार झाले, मला पटवून देण्यासाठी. मी त्यांना सगळे पहिल्यापासून सांगायला लावले आणि बराच वेळ फक्त ऐकले. त्यातून कळले की त्या गटात ते नवीन लोकांना हिशेब समजावून सांगत असत आणि लोक त्यांच्या बोलण्याची वाट पाहत असत. नोकरी गेल्यापासून दुसरीकडे कुठेही त्यांच्या बोलण्याला असा मान मिळाला नव्हता. नोटा खोट्या ठरल्या असत्या तर पैशाबरोबर हेही गेले असते. अशा माणसासमोर पुरावे ठेवून तो मागे फिरेल असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते.

मी एकच प्रश्न विचारला: कोणती गोष्ट घडली, किंवा कोणत्या तारखेपर्यंत घडली नाही, तर तुम्ही हे चुकीचे होते असे म्हणाल? त्यांनी बराच विचार करून एक तारीख स्वतःच्या हाताने वहीत लिहिली. ती तारीख गेली, गटाने नवी तारीख दिली, आणि त्या वेळी पहिल्यांदा ते माझ्याकडे राग घेऊन आले. राग माझ्यावर नव्हता. त्या भेटीत बोलता बोलता त्यांनी २०१६ च्या नोटबंदीचा विषय काढला. त्यांच्याकडे तेव्हा भारतातून परतताना सोबत राहिलेल्या जुन्या पाचशेच्या काही नोटा होत्या. रिझर्व्ह बँकेने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना जून २०१७ अखेरपर्यंत मुदत दिली होती, परंतु यांचे पारपत्र अमेरिकी असल्याने ती सवलत त्यांना लागू नव्हती. ‘एकदा सरकारने रद्द केलेली नोट परत जिवंत होत नाही, हे मला माहीत होते,’ असे ते स्वतःच म्हणाले. मी त्यात काही भर घातली नाही.

त्यानंतर जे बाहेर आले ते अधिक जड होते. त्यांनी महाराष्ट्र मंडळातल्या दोन ओळखीच्या कुटुंबांना याच नोटा घ्यायला लावल्या होत्या. इतके दिवस घट्ट धरून बसण्यामागचे सर्वांत मोठे कारण हेच होते, कारण आपण फसलो हे कबूल करणे म्हणजे आपण दुसऱ्यांना फसवले हेही कबूल करणे होते. अपराधीपणावर आम्ही कितीतरी भेटी घालवल्या. हेतू आणि परिणाम वेगळे असतात, तरी परिणाम सांगण्याची जबाबदारी टळत नाही, या मतावर मी ठाम राहिलो. सेंटिलियनच्या नोटा आता पुढे कुणाला विकल्या तर तो जाणूनबुजून केलेला गुन्हा ठरू शकेल, हेही स्पष्ट सांगितले आणि वकिलाचा सल्ला घ्यायला लावले.

याच सुमारास त्यांना एक फोन आला: बुडालेली रक्कम परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात आणि असा दुसरा फोन बहुधा येतोच, हे मी आधी सांगून ठेवले होते. त्यांनी फोन ठेवला आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे पैसे पाठवल्याच्या नोंदींसह तक्रार केली. भारतात असे घडल्यास सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या फोन क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवून ठेवण्याची शक्यता कमी होते. दिनार विकणाऱ्या एका कंपनीच्या चालकांना २०१८ मध्ये अटलांटाच्या न्यायालयात दोषी ठरवले गेले, पण अशा निकालातून प्रत्येकाला पैसे परत मिळतातच असे नाही, आणि मी त्यांना तशी आशा दाखवली नाही.

खऱ्या शंभर ट्रिलियनच्या नोटा त्यांनी एका संग्राहकाला विकल्या. दोन्ही कुटुंबांकडे ते पत्नीला बरोबर घेऊन गेले. एका घरी त्यांचे ऐकून घेतले गेले आणि हप्त्याने काही रक्कम परत करण्याचे ठरले. दुसऱ्या घरी, करार जवळ आला म्हणून तुम्ही घाबरून मागे फिरलात, असे त्यांना सुनावण्यात आले, आणि त्या गृहस्थांनी त्यांच्याशी बोलणे बंद केले आहे. त्या गृहस्थांच्या मुलीने परवा माझा क्रमांक मागून घेतला.